गाळलेले अकरा भाग

शाळेत साहेब आले की हेडमास्तर चहाच्या आधी एक जाडजूड वही टेबलावर आणून ठेवतात. तिला शेरेबुक म्हणतात. मी शिक्षण विस्तार अधिकारी. राहतो नांदेडला आणि भोकरच्या बाजूच्या शाळा तपासत फिरतो. माझ्या आजवरच्या नोकरीचं सार कुणाला हवंच असेल तर ते तिकडच्या शेरेबुकांत निळ्या शाईत पडलेलं आहे. शेऱ्याची घडण ठरलेली असते. आधी चांगलं लिहायचं: परिसर स्वच्छ, परिपाठ उत्तम, पटावरील उपस्थिती समाधानकारक. मग नव्या ओळीवर 'तथापि'. खरं काय ते 'तथापि'नंतर येतं. मुरलेले हेडमास्तर पहिला परिच्छेद वाचतच नाहीत, बोट फिरवून थेट 'तथापि' शोधतात.

तपासण्याचीही माझी एक पद्धत आहे. वह्यांचा गठ्ठा समोर आला की पहिलं पान बघायचं, शेवटचं पान बघायचं आणि मधे कुठंतरी अंगठा घालून एक पान उघडायचं. तिन्ही ठिकाणी लाल टिक दिसली की वही तपासून झाली. चाळीस वह्यांना सहा मिनिटं पुरतात. एकदा चौथीतली एक पोरगी माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"सर, मधल्या पानावर मी गोष्ट लिवलीय. वाचली का?"

"वाचली ना. छान आहे."

"शेवटी कुत्रं मरतंय, ते पण?"

"ते तर फारच छान आहे."

पोरगी माझ्याकडं बघत राहिली. मी चष्मा पुसायला घेतला. एवढं होऊनही पद्धत काही बदलली नाही, कारण चोवीस वर्षं ती कुठंच अडली नव्हती. अडली ती एका जपानी कार्टूनपाशी. कार्टून म्हणायचं नाही, ॲनिमे म्हणायचं, ही मला मिळालेली पहिली दुरुस्ती. पुढं बऱ्याच मिळाल्या.

आमची मुलगी लातूरला होस्टेलवर राहते. डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेचं तिचं दुसरं वर्ष. पहिल्या वर्षी थोडक्यात राहिलं. निकालाच्या दिवशी मी काही रागावलो वगैरे नाही, फक्त अर्धा तास बोललो. आधी चांगलं बोललो, मग 'तथापि' म्हणून बाकीचं. त्या दिवसापासून तिच्या फोनवर तीन शब्द उरले. मी विचारायचो, "बरं चाललंय ना माय?" ती म्हणायची, "हाव." "जेवलीस?" "जेवले." मग आणखी काही विचारावं म्हणून मी श्वास घेईपर्यंत, "ठेवते."

मला तिच्याकडून चौथा शब्द हवा होता. कोणताही.

एक रविवार सोडून एक रविवार मी डबा घेऊन एसटीनं लातूरला जातो. लोहा, अहमदपूर, चाकूर करत गाडी पोचायला चार तास लागतात. होस्टेलात बापांना आत सोडत नाहीत, म्हणून बाहेरच्या पायऱ्यांवर बसायचं. ती येते, भरलेला डबा घेते, मागचा धुतलेला डबा देते, आणि पाच मिनिटांत मी परत बसस्टँडवर. एकदा डबा घेताना तिचा फोन माझ्या हातात आला. पडद्यावर एका पोरीचं चित्र होतं. केस कापलेले, खांद्यावर विहिरीच्या दोराचं वेटोळं. ही पोरगी माझ्या ओळखीची होती, कारण बारावीच्या वर्षी मीच तिला आमच्या भिंतीवरून उतरवलं होतं.

तेव्हा मुलीच्या खोलीच्या भिंतीवर तिनं काढलेली चित्रंच चित्रं होती. तलवारी, राक्षस, चष्मा घातलेला कोल्हा, ही दोरवाली. अभ्यासाला वातावरण हवं म्हणून मी एका दुपारी सगळी उतरवली. एकच राहू दिलं: तळं, काठाला एक झोपडी, वळचणीला लालसर माळा टांगलेल्या. त्यात ना तलवार, ना राक्षस. निसर्गचित्र. पाहुणे आले की मी ते कौतुकानं दाखवायचो, "लेकीनं काढलंय. मिरच्या वाळत घातल्यात बघा." मुलगी एकदा तोंड उघडून काहीतरी सांगणार होती. मग नाही सांगितलं.

बारावीत सगळं उतरवलं, आणि दोन वर्षांनी ती पोरगी फोनच्या पडद्यावर बसलेलीच! परतीच्या गाडीत मला खरोखरच कुतूहल वाटायला लागलं. ह्या पोरीशी आमची पोरगी रोज काय बोलत असेल, जे माझ्याशी बोलत नाही? घरी आलो आणि बायकोला विचारलं, ते कार्टून कुठं लागतं?

"आता तुम्ही बघणार?" ती म्हणाली. "बातम्या बघता बघता झोपता तुम्ही."

सिरीज सहाशे भागांच्या वर गेलेली, आणि अजून चालूच. सहाशे! मी फोनवर पहिला भाग लावला. भाषा जपानी, खाली इंग्रजी ओळी. ओळ वाचावी तर चित्र निघून जायचं, चित्र बघावं तर ओळ. पण गोष्ट धरली. एक पोरगी पहाटे विहिरीचा तुटलेला दोर बदलायला शेजारच्या गावाहून नवीन दोर घेऊन येते, आणि येऊन बघते तर गाव नाही. घरं नाहीत, माणसं नाहीत, जनावरं नाहीत. नुसती विहीर. मग ती दोर खांद्यावर टाकून गाव शोधायला निघते. सात मुलूख आहेत, प्रत्येकाचा एकेक राजा, आणि कुणीतरी गावंच्या गावं पळवतंय. बरोबर एक कोल्हा वैद्य, पाण्याला भिणारा एक राक्षस आणि पाठीवर पातेलं बांधलेला एक म्हातारा आचारी.

भोकरला मी अप-डाउन करतो ते आमच्या केंद्रप्रमुखांच्या गाडीत. केंद्रप्रमुख म्हणजे दहा-बारा शाळांवर देखरेख करणारा माणूस. हे आमचे नांदेडच्या जुन्या मोहल्ल्यातले, तीन पिढ्यांपासून घरात शिवणकाम, आणि ह्यांनी मात्र खडू धरला. गाडी दुसरेच एक गुरुजी चालवतात, आम्ही दोघं मागं. मी कानात वायर घालून बसलो की केंद्रप्रमुख खिडकीतून बाहेर बघितल्यासारखं करत माझ्या फोनकडं बघायचे. तिसऱ्या दिवशी त्यांना राहवलं नाही.

"साहेब, ही पोरगी एवढी भटकून कामून राहिली?"

"गाव हरवलंय तिचं."

"मंग तलाठ्याकडं जायाचं ना. सातबारा काढला की गाव कुठंय ते निघतंय."

"तिथं तलाठी नाही हो."

"तलाठी न्हाई?" केंद्रप्रमुखांनी फोनवरून मान वर केली. "मंग गाव जाणारच ना, साहेब."

त्या दिवसापासून एक वायर माझ्या कानात आणि दुसरी त्यांच्या. ते घरी जाऊनही बघायला लागले, आणि मला मागं टाकून कधी पुढं गेले ते कळलंही नाही. त्यांची पद्धत वेगळी. एकामागून एक, काही न सोडता, साध्या वेगानं. मी दीडपट वेगानं बघायचो. दीडपट वेगात राक्षसही चिमणीसारखे बोलतात आणि रडणारी माणसं शिंकल्यासारखी वाटतात, पण वेळ वाचतो.

तरीही सांगतो, मला आवडायला लागलं. म्हणजे आधी राग आला, आणि मग आवडायला लागलं. रागाचं कारण मारामाऱ्या. एक गुद्दा मारायचा तर तीन भाग. गुद्दा मारणारा आधी गुद्द्याचं नाव मोठ्यानं ओरडतो, मग समोरचा त्याच्या बालपणाची आठवण काढतो, मग कोल्हा आपल्याला समजावून सांगतो की आता गुद्दा बसणार आहे. मी केंद्रप्रमुखांना म्हणालो, "मारायच्या आधी ओरडून कशाला सांगायचं? समोरचा सावध नाही का होणार?" ते म्हणाले, "साहेब, आपण अचानक भेटीला जातो तवा आदल्या दिवशी हेडमास्तरला फोन करतोच की."

प्रत्येक भागाची पहिली चार मिनिटं मागच्या भागात काय झालं ह्यात जायची. पाण्याचा थेंब दिसला की राक्षस बेशुद्ध पडायचा. पहिल्यांदा हसलो, दहाव्यांदा तो पडायच्या आधीच मी पुढं पळवायला लागलो. एक राजा हरला की त्याच्यापेक्षा उंच राजा यायचा, मग त्याच्यापेक्षाही उंच. इतके उंच की आता पडद्यात त्यांचे गुडघेच मावायचे. मेलेली माणसं परत यायची. एखाद्यासाठी मन घट्ट करून घ्यावं, तर शंभर भागांनी तो बाजारात भाजी घेताना दिसायचा. काही ठिकाणी चित्रं काढणाऱ्यांचा हात दमलेला दिसायचा. पोरीचं नाक एका भागात सरळ, पुढच्यात बसकं.

आणि तरी. बाविसाव्या भागात एक नावाडी त्यांना नदीपार सोडतो, फक्त अर्धा मिनिट दिसतो, एक चप्पल काठावर विसरतो. मी पुढं अंगठा घालून चारशे दहावा उघडला, तर तिथं तो नावाडी, म्हातारा झालेला, आणि पायात दोन वेगळ्या चपला! कुणी त्यावर एक शब्द बोलत नाही. म्हणजे कुणीतरी चारशे भाग त्या माणसाची आठवण ठेवली होती. माझ्या अंगावर काटा आला. चोवीस वर्षांत शेकडो शाळा बघितल्या, त्यातल्या एका तरी पोराची चप्पल मला आठवते का? शिवाय ते जेवण. आचारी भाकरीसारखं काहीतरी थापतो तेव्हा पिठाचे कण हवेत दिसतात. मुलूख बदलला की वेस ओलांडायची रीत बदलते. कुठं उजवा पाय आधी, कुठं तोंड धुऊन, कुठं शेजारणीला हाक मारून. हे सगळं कुणीतरी बसून विचार करून ठरवलं आहे, आणि ते गोष्टीला लागतही नाही. पण आहे. एवढं आहे म्हणून तर गाव हरवल्याचं दुःख वाटतं.

तीन महिन्यांत मी सुरुवातीचे तीस, शेवटचे पंधरा आणि मधले अंगठा पडेल तिथले शंभरेक भाग बघितले. माझ्या हिशोबानं सिरीज तपासून झाली. मधे इंटरनेटवर एक यादी सापडली, भाग कोणते सोडावेत याची. कोणीतरी उपकारी माणसानं करून ठेवलेली. तिच्यात सगळ्यात वर एकशे एकाहत्तर ते एकशे एक्याऐंशी: 'इथे काहीही घडत नाही. पोरगी अकरा भाग एका झोपडीत बसून राहते. सोडा.' मी आनंदानं सोडले. मग मुलीला तिच्या आवडीच्या विषयावर मोजकं काहीतरी लिहून पाठवावं असं ठरवलं. तिला कळेल, आपला बाप आपल्यासाठी एवढं बघत बसला. मग ती काहीतरी बोलेल. निदान भांडेल.

पण लिहायला बसल्यावर हाताला जे येतं तेच आलं. मी शेरा लिहिला.

'सदर मालिकेची दृश्य मांडणी आकर्षक. दुय्यम पात्रांची नोंद दीर्घकाळ ठेवली जाते, ही बाब स्तुत्य. चालीरीतींचे तपशील समाधानकारक. तथापि, मारामारीत कालापव्यय होतो. पुनरावृत्ती टाळावी. मृत पात्रे परत आणू नयेत. मुख्य प्रश्न सहाशे भाग होऊनही प्रलंबित. भाग १७१ ते १८१ निष्फळ असून ते गाळावेत. नायिकेने वाया घालवलेला काळ भरून काढावा.'

शेवटच्या ओळीवर मी खूश होतो. पाठवायचं बटण दाबलं, आणि शेरा गेला तालुक्यातल्या सगळ्या हेडमास्तरांच्या ग्रुपवर.

मी पुसायला धावेपर्यंत सतरा जणांचं उत्तर आलं होतं. "होय सर." "नोंद घेतली सर." "उद्यापासून अंमलबजावणी करतो सर." एका हुशार हेडमास्तरांनी विचारलं, "सर, १७१ ते १८१ हे भाग कोणत्या इयत्तेचे?" दुसऱ्यानं, मी अजून काही लिहायच्या आत, त्याला उत्तर दिलं, "सहावी असेल. गणित." आणि दोन दिवसांनी एका शाळेतून मला सहीशिक्क्यासह कागद आला: सदर भाग गाळण्यात आले असून पुनरावृत्ती टाळली जात आहे. त्या शाळेत नेमकं काय गाळलं ते विचारायची हिंमत मला आजतागायत झालेली नाही.

ग्रुपवरून पुसलं आणि तोच शेरा जसाच्या तसा मुलीला पाठवला. निळ्या खुणा लगेच उमटल्या. मग संध्याकाळपर्यंत काही नाही. मग आलं:

"पप्पा, ते अकरा भाग तुम्ही बघितले का?"

निकालानंतर पहिल्यांदा तिनं मला आपण होऊन प्रश्न विचारला होता. 'नाही' म्हणालो तर हा धागा तुटेल असं वाटलं. लिहिलं, "हाव, बघितले ना."

"मग म्हातारीच्या पोत्यात काय असतं?"

चौथीतली ती पोरगी डोळ्यांसमोर आली. कुत्रं मरतंय, ते पण? मी डोकं चालवलं. म्हातारी, झोपडी, पोतं. लिहिलं, "धान्य."

पलीकडून काही आलं नाही. दुसऱ्या दिवशी फोन केला तर उचलला नाही. रात्री जेवताना बायको म्हणाली, "तिचा फोन आला होता मला. म्हणती, येत्या रविवारी पप्पाला पाठवू नको. डबा नको म्हणती." मग माझ्याकडं बघून, "काय केलं तुम्ही?"

"शेरा लिहिला."

"काय लिहिलं त्याच्यात?"

मी वाचून दाखवला. बायको ह्या सिरीजमधलं काही जाणत नाही. पण शेवटची ओळ ऐकून तिच्या हातातली भाकरी तशीच राहिली. "वाया घालवलेला काळ," ती म्हणाली. "दुसऱ्या वर्षाला बसलेल्या पोरीला तुम्ही हे लिहून पाठवलं?"

मला ते तोवर दिसलंच नव्हतं. शपथेवर सांगतो. मी एका दोरवाल्या पोरीबद्दल लिहिलं होतं. आता तीन शब्दही गेले होते.

सोमवारी गाडीत केंद्रप्रमुखांना सगळं सांगितलं. ते एवढे चिडतील असं वाटलं नव्हतं. "ते अकरा भाग तुम्ही सोडले? साहेब, कामून सोडले? अहो, मी ते दोनदा बघितले. आमच्या बेगमला पण दाखवले. तिला जपानी येत न्हाई, इंग्रजी येत न्हाई, तरी बघून राहिली होती गप."

"यादीत लिहिलं होतं, काही घडत नाही."

"यादी!" ते म्हणाले. "वही न बघता टिक मारायची सवय तुमची. मी कधी बोललो न्हाई. आज बोललो."

पुढं बसलेल्या गुरुजींनी आरसा सरळ केला.

त्या आठवड्यात मी ते अकरा भाग बघितले. साध्या वेगानं. एकशे सत्तराव्यात पोरगी एका राजाशी हरते आणि तिचा दोर मधोमध तुटतो. एकशे एकाहत्तर सुरू होतो तो तळ्याकाठी. तळं गोठलेलं. झोपडी. वळचणीला नारिंगी फळांच्या माळा, आपल्या टेंभराच्या जातीची फळं, सोलून वाळत घातलेली.

मी फोन थांबवला आणि मुलीच्या खोलीत गेलो. निसर्गचित्र भिंतीवर होतं. तीच झोपडी, तेच तळं. मिरच्या नव्हत्या त्या.

यादी करणारा खोटं बोलला नव्हता. त्या भागांत काहीच घडत नाही. पहिले दोन भाग पोरगी झोपूनच असते. झोपडीत एक म्हातारी आहे. ती फळं सोलते, दोऱ्यात ओवते, टांगते. पोरगी उठते, बाहेर बघते, परत झोपते. चौथ्या भागात म्हातारी तिच्या हातात एक सुरी देते, आणि दोघी सोलत बसतात. बर्फ पडतो. एक बगळा येतो आणि जातो. मारामारी नाही, कोल्ह्याचं समजावणं नाही, मागच्या भागात काय झालं हेही नाही. आधी मला चुळबुळ व्हायला लागली, अंगठा सारखा पुढं पळवायच्या बाणाकडं जायचा. हात मांडीखाली दाबून बसलो. सहाव्या भागाच्या सुमाराला लक्षात आलं की मी म्हातारीच्या बोटांकडं बघत होतो आणि मला काही नको होतं.

आणि ते पोतं. पोरगी पहिल्या दिवसापासून त्याच पोत्यावर पडून नाहीतर बसून असते. नवव्या भागात तिला त्यातून काहीतरी टोचतं म्हणून ती उसवून बघते. आत वाक. आपल्याकडं अंबाडीच्या सालीचे तंतू काढतात तसा, दोर वळायचा. म्हातारी दोर वळणारी असते. नऊ भाग वाक तिच्या बुडाखाली होता, आणि म्हातारी एकदाही म्हणाली नाही, की ऊठ, हा घे वाक, वळ तुझा दोर. पोरगी वाक हातात घेऊन तिच्याकडं बघते. म्हातारी सरकून जागा देते, एवढंच. एकशे एक्याऐंशीव्या भागाच्या शेवटी पोरीनं वळलेला दोर वीतभरसुद्धा नसतो.

माझ्या डोळ्यांना पाणी आलं, आणि नेमकी बायको चहा घेऊन आली. म्हणाली, "कोण मेलं?" मी म्हणालो, "कुणीच नाही." तिनं कप ठेवला आणि शेजारी बसली. म्हणाली, "पहिल्यापासून लावा. मला पण बघू द्या."

रविवारी, नको सांगितलेलं असतानाही, मी लातूरची गाडी धरली. डबा नव्हता, डबा नको म्हणाली होती, तेवढा शब्द पाळला. अहमदपूरच्या स्टँडबाहेर एक बाई ढाळे विकत होती, हरभऱ्याच्या हिरव्या घाट्यांच्या जुड्या. दोन घेतल्या. होस्टेलच्या पायऱ्यांवर बसून मुलीला लिहिलं, "खाली आहे. तू आली नाहीस तरी चालेल. पोत्यात वाक होता. मी खोटं बोललो होतो." आणि एकटाच घाटे सोलायला लागलो.

वीसेक मिनिटांनी ती आली. केस विस्कटलेले, अंगात स्वेटर. दोन पायऱ्या सोडून बसली.

"कधी बघितले?"

"ह्या आठवड्यात."

"दीडपट वेगानं?"

"नाही. तुला कुणी सांगितलं दीडपटीचं?"

"मम्मीनं. मम्मी म्हणली, पप्पाच्या खोलीतून चिमण्या ओरडल्यासारखं येतंय."

मी जुडी तिच्या बाजूला सरकवली. तिनं एक घाटा सोलला, दाणा तोंडात टाकला. मला बसमध्ये चार तास एकच गोष्ट छळत होती, ती विचारली. "मला एक कळलं नाही माय. ती म्हातारी पोरीला एकदाही विचारत नाही, की तू निघणार कधी? तिला जाणून घ्यायचं नसेल का?"

ती माझ्याकडं वळली. "असतं की! तुम्ही तिचे पाय बघितले न्हाईत? पोरगी रोज दाराशी जाती तवा म्हातारी सोलायची थांबती. दर वेळी. पायाची बोटं आखडून घेती ती. विचारत न्हाई फक्त."

"पायाकडं लक्ष नव्हतं माझं."

"तुमचं कशाकडं असतं?" ती म्हणाली, आणि मग सुरू झाली. नाक बसकं झालं ते चित्रकार बदलला म्हणून. राक्षस पाण्याला का भितो ते तीनशे चाळिसाव्यात कळतं, आणि ते कळल्यावर तुम्हाला हसल्याची लाज वाटेल. मेलेले परत येतात ते तिलाही पटत नाही. आचारी परत आला तेव्हा तिनं चिडून दोन महिने सिरीज सोडली होती. मारामाऱ्यांबद्दल माझा शेरा बरोबर आहे, पण 'कालापव्यय' असं कुणी लिहितं का? मी चौथा शब्द मोजायचा म्हणून बसलो होतो. मोजणी कधीच सुटली होती. पायरीवर टरफलांचा ढीग झाला.

मग ती थांबली. घाटा नखानं नुसताच कोरत राहिली.

"पप्पा, तीन आठवडे झाले, मी क्लासला जाऊन नाही राहिले. रूमवरच बसते."

माझ्या तोंडात 'तथापि' आलं. अक्षरशः आलं, जिभेवर होतं. त्याच्यामागं सगळी रांग उभी: परीक्षा कधी आहे, राहिलेला भाग कधी भरून काढणार, कधी जाणार, कधी. मी एक घाटा उचलला. तो पोचट निघाला. दुसरा उचलला, सोलला आणि दोन दाणे तिच्या तळहातावर ठेवले. चपलेत माझी पायाची बोटं आखडली होती. तिनं तिकडं बघितलं की नाही, मला माहीत नाही.

थोड्या वेळानं ती म्हणाली, "जीवशास्त्राच्या आकृत्या काढते रोज. तेवढंच जमतं." मी म्हणालो, "हाव." मग ती आकृत्यांबद्दल सांगत राहिली आणि दुसरी जुडी आम्ही सोलायला घेतली.

घरी पोचलो तेव्हा आठ वाजले होते. बायको दारातच होती. क्लासचं मी तिला फोनवर सांगितलं होतं.

"कधीपासून जाणार म्हणे क्लासला?"

"विचारलं नाही."

"विचारलं न्हाई? मग एवढा वेळ काय केलं तुम्ही दोघांनी?"

"ढाळे खाल्ले."

ती काहीतरी बोलणार होती, तेवढ्यात तिचा फोन वाजला. मुलगी होती. बायकोनं फोन स्पीकरवर टाकला.

"मम्मी, पप्पा पोचले का? त्यांना सांग, आता मधले राहिलेले साडेचारशे बघायचे. ओळीनं. अन् साध्या वेगानं. रोज रात्री मी एक प्रश्न विचारणार हाय."

बायकोनं माझ्याकडं बघितलं. मी चप्पल काढत होतो.

"सांगते," ती म्हणाली. "पण आधी मला सांग, तो राक्षस पाण्याला कामून भितो गं?"